लाल पातेल्याखालचं नाव

ओडेलाला माती देऊन नऊ दिवस झाले तरी हॉरिस टॉलिव्हरच्या ओट्यावर लोकांची भांडी तशीच होती. दफनानंतर चर्चच्या दालनात जेवण झालं, उरलंसुरलं बायकांनी त्याच्या घरी पोचवलं, आणि आता ज्याचं भांडं त्याला परत करायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. त्यात अवघड असं काही नव्हतं. जॉर्जियातल्या मेकन गावातली कुठलीही शहाणी बाई बुडाला कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर नाव लिहिल्याशिवाय भांडं घराबाहेर काढत नाही. भांडं उलटं करायचं, नाव वाचायचं, आत काहीतरी घालायचं आणि नेऊन द्यायचं. रिकामं भांडं कुणी परत नेत नाही. हॉरिसला स्वयंपाक येत नव्हता, म्हणून तो प्रत्येक भांड्यात परसातली सहा पीच घालत होता. झाडावरची पीच संपत आली होती आणि भांडी अजून चार उरली होती.

सोमवारी सकाळी सिस्टर अर्लीन पेटीग्रू पाचवं भांडं घेऊन आली. अर्लीन ओडेलाची जिवाभावाची मैत्रीण, चर्चची कारभारीण, आणि हॉरिसला, म्हणजे चर्चच्या वडीलधाऱ्या डीकनला, तोंडावर बोलणारी गावातली एकमेव बाई.

"डीकन, हे चर्चच्या स्वयंपाकघरात मागे राहिलं होतं. तुमचंच आहे."

लाल एनॅमलचं जाड बुडाचं पातेलं होतं. झाकणासकट. काठाचा एक टवका उडालेला.

"हे आमचं नाही," हॉरिस म्हणाला. "मी हे जन्मात बघितलेलं नाही."

"खाली बघा."

त्यानं पातेलं उलटं केलं. पिवळी पडलेली चिकटपट्टी, त्यावर ठळक अक्षरात 'टॉलिव्हर'. पहिल्या अक्षराची आडवी रेघ डाव्या बाजूला लांब ओढलेली. असं अक्षर साऱ्या जॉर्जियात एकच बाई काढायची, आणि तिला तर त्यानं नऊ दिवसांपूर्वी मातीआड केलं होतं.

"अक्षर ओळखता ना?"

"ओळखतो. पण पातेलं आमचं नाही."

"नाव तुमचं, अक्षर तुमच्या बायकोचं, आणि पातेलं माझं का?" असं म्हणत अर्लीननं ते ओट्यावर ठेवलं, आणि तिची नजर मोरीकडे गेली. तिथे ओडेलाचा बिडाचा तवा फेसात बुडाला होता. "हे काय? तव्याला साबण लावलात?"

"काळा झाला होता."

"बिडाचा तवा काळाच असतो, डीकन! चाळीस वर्षांचं तेल मुरलं होतं त्यात. देवानं तुम्हाला हात तेवढे दिले, बाकी काही द्यायचं राहूनच गेलं."

हॉरिसनं तवा फेसातून बाहेर काढला. पांढऱ्या मातीच्या खाणीत त्यानं एकतीस वर्षं काढली होती, पण या ओट्यापाशी तो नवा गडी होता.

जाता जाता अर्लीननं दुसरं काम टाकलं. चर्चच्या पत्रकात महिन्यातून एकदा ओडेलाचं पान यायचं, 'आपल्या घरात असावं असं'. एक वस्तू, घरच्यांनी मिळून ऐकावं असं एक संगीत, आणि आपल्या काळ्या लोकांच्या जगण्यावरचा, मुलाबाळांसकट बघावा असा एक सिनेमा. अठरा वर्षं ती ते लिहीत होती. बायका त्या पानाचं बोट धरून खरेदीला जायच्या.

"शेवटचं पान तुम्ही लिहायचं असं ठरलंय," अर्लीन म्हणाली. "गुरुवारपर्यंत द्या."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"तेच सगळ्यांना बघायचंय," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

ओडेलानं सगळी पत्रकं शिवणाच्या टेबलाखाली बिस्किटांच्या निळ्या डब्यात घालून ठेवली होती. निदान जुनं एखादं पान बघून तसंच काहीतरी खरडू, म्हणून हॉरिसनं दुपारी डबा काढला. सगळ्यात तळाशी पहिलं पान होतं, अठरा वर्षांपूर्वीच्या जूनमधलं. त्यानं चष्मा पुसला.

'नव्यानं संसार मांडणाऱ्या बाईनं दहा भांडी घेऊ नयेत, एकच घ्यावं,' ओडेलानं लिहिलं होतं. 'लाल एनॅमलचं, जाड बुडाचं, झाकणासकट. पावटे शिजवा, भात करा, बाळाचं पाणी तापवा. आमच्या घरात हे रोज चुलीवर असतं.'

हॉरिसनं ओट्याकडे पाहिलं. पातेलं तिथेच होतं. पण अठरा वर्षं रोज चुलीवर असलेलं पातेलं घरच्या माणसाला दिसू नये? त्यानं डोकं खाजवलं आणि मधलंच एक पान उपसलं.

'रुंद दातांची लाकडी फणी. केस ओले असताना टोकाकडून वर विंचरा. आमच्या घरात हिच्यामुळे सकाळची रडारड थांबली.'

कुणाची रडारड? हॉरिसचं डोकं तिशीतच साफ झालं होतं. ओडेलाचे केस बोटभर, तेही ती केस कापणाऱ्या बाईकडून करून यायची. या घरात फणीचं काय काम?

आणखी एक पान. वेणीफणी करताना बसायला बुटकं स्टूल. हे मात्र त्याला आठवलं. एका वसंतात तो त्याच्यावर बसून बुटांना पॉलिश करायचा, आणि मग एके दिवशी ते दिसेनासंच झालं. 'दिलं कुणाला तरी,' ओडेला म्हणाली होती. आणि इथे छापलं होतं, 'आमच्या घरात या स्टुलाशिवाय पान हलत नाही.' पुढच्या पानावर तबकडी. शनिवारी सकाळी घर झाडताना मोठ्यानं लावायची, म्हणजे मुलं पांघरुणातच समजतात की आता उठून फडकं हातात घ्यायचंय. तीही दोन आठवडे घरात वाजली होती आणि मग गेली. तबकड्यांच्या खणात आता ओडेलाची भजनं होती फक्त.

हॉरिस घरभर हिंडला. कपाटं उघडली, माळ्यावर चढला, गराजमधली खोकी उपसली. 'आमच्या घरात' म्हणून सांगितलेली एक वस्तू त्या घरात नव्हती. एकही नाही. जे होतं ते तिनं कधी सुचवलं नव्हतं, आणि जे सुचवलं ते नव्हतं. आणि जे पातेलं नव्हतं ते आज पाहुण्यासारखं येऊन ओट्यावर बसलं होतं. वर त्याचंच नाव लावून! संध्याकाळपर्यंत त्याचं डोकं पार भणाणून गेलं. त्याला एवढाच एक अर्थ लागला की आपली बायको अठरा वर्षं मंडळीला खोटं सांगत होती.

हॉरिसपाशी खोट्याला एकच औषध होतं. त्या चर्चमध्ये जुनी रीत अशी, की ज्याच्या हातून चूक झाली त्यानं रविवारी मंडळीसमोर उभं राहायचं आणि माफी मागायची. डीकन या नात्यानं त्यानं कितीएक जणांना उभं केलं होतं. आपली बायको गेली म्हणून तिचा हिशेब वेगळा, असं कसं चालेल? या विचारानं त्याला रडू आलं, पण विचार काही बदलला नाही. तो असाच होता.

बुधवारी तो चर्चच्या कचेरीत गेला. अर्लीन पत्रकाच्या घड्या घालत होती.

"पान मिळणार नाही," तो म्हणाला. "त्याऐवजी रविवारी मी उभा राहणार आहे. ओडेलाच्या वतीनं."

"उभे राहून काय सांगणार?"

"की तिनं लिहिलेलं खरं नव्हतं. ज्या वस्तू आमच्या घरात नव्हत्या त्या आहेत म्हणून तिनं लिहिलं. लोकांनी विश्वास ठेवला."

अर्लीनच्या हातातला कागद तसाच राहिला. "दोन आठवडे नाही झाले तिला जाऊन, आणि तुम्ही चारशे माणसांपुढे तिला खोटारडी म्हणणार?"

"मला का हौस आहे? मला काही समजतच नाहीये, सिस्टर! ते पातेलं कुठून आलं ते सांगा. तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्या तोंडावर दिसतंय."

"मी ओडेलाला शब्द दिलाय. माझ्याकडून एक अक्षर निघणार नाही." तिनं कागद आपटला. "पानं कशी वाचलीत तुम्ही?"

"कशी म्हणजे? हाताला येतील तशी."

"तेच. कोंबडीनं उकिरडा उकरावा तशी. घरी जा, डबा पालथा घाला, आणि पहिल्यापासून ओळीनं वाचा. एकही सोडू नका. मग रविवारी उभं राहायचं तर राहा. मी पहिल्या रांगेत बसून बघेन तुमच्याकडे."

हॉरिस घरी आला. शिवणाच्या टेबलावर त्यानं सगळी पानं महिन्यावारी लावली आणि वाचायला बसला. लाल पातेलं. मग तान्ह्याला आंघोळ घालायचा टब. मग तिघी बहिणींच्या भजनांची तबकडी, 'कितीही रडणारं बाळ असो, दुसऱ्या भजनाला डोळे मिटतं.' मग जिन्याला लावायचं लाकडी फाटक, 'रांगायला लागलं की एक मिनिटाचा भरवसा नसतो.' तो तिथेच थांबला. त्याच्या घराला जिना नव्हता.

त्यानं पुढे वाचलं, आणि पानापानातून एक मूल वाढायला लागलं. त्याला दात आले. ते चालायला लागलं. फणी आली, स्टूल आलं, मणी घालून वेण्या घालायचं सामान आलं, म्हणजे ती मुलगी होती. ती पाच वर्षांची झाली तेव्हा सिनेमा आला तो एका चिमुरडीचा, जी कापडाच्या तुकड्यांची गोधडी शिवून आजीच्या गावापर्यंतचा नकाशा करते. 'आपल्या लेकींना आपल्यासारखा चेहरा पडद्यावर भिंतीएवढा दिसला पाहिजे,' ओडेलानं लिहिलं होतं. मग टेबलाचा दिवा आला अभ्यासाला. मग शनिवारच्या झाडलोटीची तबकडी, कारण आता तिच्या हातात फडकं देता येत होतं.

अठरा वर्षं. पहिलं पान जूनचं. हॉरिसनं बोटांवर मोजून पाहिलं, पण मोजायची गरज नव्हती. त्या वर्षीचा मे महिना तो विसरलाच नव्हता. त्याबद्दल बोलायचं तेवढं त्यानं बंद केलं होतं.

त्या मे महिन्यात त्याची लेक व्होनेटा तेवीस वर्षांची होती, लग्न झालेलं नव्हतं आणि पोट दिसायला लागलं होतं. हॉरिस म्हणाला, रविवारी मंडळीसमोर उभी राहा आणि माफी माग. व्होनेटा म्हणाली, मूल पोटात आहे याची मी कुणाचीही माफी मागणार नाही. "मग माझं नाव लावू नकोस," तो म्हणाला होता. "टॉलिव्हर म्हणवून घ्यायचं नाही." ती त्याच दिवशी निघून गेली. कुठे गेली ते त्यानं विचारलं नाही. ओडेलाला त्यानं बजावलं की या घरात तिचा विषय नको, आणि ओडेला "बरं" म्हणाली. अठरा वर्षं तिनं खरंच विषय काढला नाही. दर महिन्याला एकदा ती अर्लीनच्या गाडीतून सव्हाना शहरात महिला मंडळाच्या बैठकीला जायची, एवढंच. हॉरिस स्वतः तिची खोकी गाडीत चढवायचा. खोक्यात काय आहे हे त्यानं कधी विचारलं नाही, कारण बायकांच्या मंडळाच्या भानगडीत कोण पडतो!

त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग पुन्हा घातला, कारण पानं उरली होती.

सहा वर्षांपूर्वीच्या एका पानावर सिनेमा होता रंगारी बापाचा. हॉरिसला तो अंधुक आठवला. ओडेलानं आग्रहानं शेजारी बसवलं होतं आणि तो अर्ध्यातच घोरायला लागला होता. 'हा मुलांना झोपवून एकटीनं बघायचा,' तिनं लिहिलं होतं. 'बाप आख्ख्या गावाची घरं रंगवतो, पण लेकीच्या दारापर्यंत त्याचे पाय जात नाहीत. त्याच्यावर फार रागावू नका. लोकांना माफी मागायला लावण्यातच त्याचं आयुष्य गेलं, स्वतः कशी मागायची हे त्याला कुणी शिकवलंच नाही. माझ्या शेजारी असाच एक जण हा सिनेमा बघता बघता झोपला. मी त्याच्या अंगावर पांघरूण घातलं.'

हॉरिस ते वाक्य वाचून हुंदके देऊन रडला. दफनाच्या दिवशीही तो असा रडला नव्हता.

शेवटचं पान जुलैचं, अंथरुणात लिहिलेलं. चाकाची मोठी बॅग, चांगल्या कुलपाची. 'आमच्या घरातली मुलगी ऑगस्टअखेर कॉलेजला निघते आहे,' ओडेलानं लिहिलं होतं.

गुरुवारी सकाळी तो पुन्हा कचेरीत गेला. अर्लीननं मान वर केली.

"ती आली होती?" त्यानं विचारलं. "दफनाला?"

"वाचलंत म्हणजे." अर्लीनचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "मागच्या रांगेत होती. पावटे करून आणले होते त्या पातेल्यात, टेबलावर ठेवले आणि कुणाला न भेटता निघून गेली. आम्ही कुणी तुमच्यापाशी बोललो नाही. तुमचा हुकूम होता ना."

पावटे! त्या दिवशी हॉरिसच्या घशाखाली काही उतरत नव्हतं, पण टर्कीचं हाडूक घालून शिजवलेले ते पावटे त्यानं दोनदा मागून घेतले होते. दुसऱ्या घासाला वाटलं होतं की हा ओडेलाचा हात आहे, आणि आपल्याला भ्रम झाला म्हणून तो घाबरला होता.

"पण नाव? पातेलं तिचं तर चिकटपट्टीवर माझं नाव कसं?"

"तुमचं?" अर्लीननं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "डीकन, टॉलिव्हर काय तुम्ही एकटेच आहात?"

हॉरिसला आता उलगडा झाला. चर्चच्या बायकांनी बूड पाहिलं, नाव वाचलं आणि रीतीप्रमाणे भांडं त्याच्या घरी धाडलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. अर्लीननं एका पाकिटावर पत्ता लिहून त्याच्यापुढे सरकवला. "आणि रविवारी तुम्ही उभे राहणार होतात, त्याचं काय?"

"राहणार आहे," तो म्हणाला.

"काय?"

"पण इथे नाही."

आता भांड्यात घालायचं काय हा प्रश्न उरला. पीच संपली होती, आणि एवढ्या मोठ्या पातेल्यात सहा पीच म्हणजे थट्टाच. हॉरिसला साऱ्या आयुष्यात एकच गोष्ट शिजवता येत होती. शनिवारी तो रस्त्याकडेच्या गाडीवरून ओल्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन आला, परसात गॅसची शेगडी लावली आणि शेंगा मिठाच्या पाण्यात चार तास उकडत ठेवल्या. व्होनेटा लहान असताना दर ऑगस्टात तो अशा शेंगा उकडायचा आणि ती शेगडीभोवती नाचत दर पाच मिनिटांनी विचारायची, झाल्या का? तो तिला 'दाणा' म्हणायचा. हे नाव त्यानं अठरा वर्षांत तोंडातून काढलं नव्हतं. शेंगा उपसताना त्यानं ते एकदा पुटपुटून पाहिलं. नीट म्हणता येत होतं.

रविवारी सकाळी डीकनांच्या रांगेतली त्याची खुर्ची रिकामी राहिली. तो सव्हानाच्या रस्त्यावर होता आणि शेजारच्या सीटवर लाल पातेल्याला पट्टा बांधलेला होता. अडीच तास तो काय बोलायचं ते घोकत होता. दर मैलाला वाक्य बदलत होतं. तिनं दारच उघडलं नाही तर? उघडून पुन्हा लावलं तर? वाटेत दोनदा त्यानं गाडी बाजूला घेतली, आणि दोन्ही वेळा पातेल्याकडे पाहून पुन्हा चालू केली.

घर छोटं होतं, दुमजली. खिडकीतून शनिवारच्या झाडलोटीची तबकडी वाजत होती, रविवार असूनसुद्धा. त्यानं पातेलं दोन्ही हातांत धरलं आणि कोपरानं दार वाजवलं.

व्होनेटानं दार उघडलं. तिच्या हातात रुंद दातांची लाकडी फणी होती. तिच्या कपाळावर आता ओडेलासारखी आडवी आठी होती. तिच्यामागे बुटकं स्टूल होतं, स्टुलासमोर जमिनीवर एक उंचेली मुलगी बसली होती. तिच्या निम्म्या केसांच्या वेण्या झाल्या होत्या, निम्मे मोकळे होते. जिन्याच्या पायथ्याशी मोठी बॅग उघडी पडली होती. हॉरिसनं त्या घरातली एकेक वस्तू ओळखली. अठरा वर्षं तो त्यांच्याबद्दल वाचायचं टाळत आला होता.

मग व्होनेटाची नजर पातेल्यावर गेली.

"रिकामं पाठवलं असतं तरी चाललं असतं," ती म्हणाली.

"रिकामं कसं आणीन?"

तिनं झाकण उचललं. शेंगांचा खारट वास दरवळला. शेंगांकडे ती बघतच राहिली, आणि तिनं ओठ दाताखाली धरला. "खाली मम्मानं नाव लिहिलं होतं," ती म्हणाली. "ते खरवडून टाकलं असेल तुम्ही."

"नाव बरोबर आहे," हॉरिस म्हणाला. "घर चुकलं होतं."

फणी धरलेला तिचा हात खाली आला. मग तिनं त्याच्या हातातून पातेलं घेतलं, दारातून बाजूला झाली आणि पायानं खुर्ची पुढे सरकवली.

"बसा, डॅडी."

"नको," हॉरिस म्हणाला. त्यानं डोक्यावरची हॅट काढली आणि चर्चमध्ये लोक उभे राहत तसा, हात जुळवून, खोलीच्या मधोमध उभा राहिला. "दाण्या, मला आधी उभं राहूनच बोलायचंय. तुम्हा दोघींसमोर."

जमिनीवरची मुलगी उठली, तिनं आईकडे एकदा बघितलं, आणि तबकडीवरची सुई उचलून ठेवली.